डॉक्टर होलोवेंची दुबई ब्रँच

जे ऑफिस अजून कित्येक वर्षं चालणार आहे हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं, तिथे किस्से फारसे साठत नाहीत. लोक येतात, काम करतात, घरी जातात. पण जिथे पुढच्या महिन्यात दाराला कुलूप लागतंय की काय अशी धाकधूक असते, तिथे माणसं टेबलावर कमी बसतात आणि पॅन्ट्रीत जास्त उभी राहतात. आमच्या पॅन्ट्रीत तर किश्शांचा नुसता खच पडला होता!

मी वसुधा बापट. मूळची डोंबिवलीची, तेव्हा मुक्काम रोल्ला, शारजा. इंटरनॅशनल सिटीच्या पुढे वाळूत कॉलेजांच्या बिल्डिंगा उभ्या राहिल्या होत्या, त्यातल्या एका बिल्डिंगमध्ये मी स्टुडंट अफेअर्स बघायचे. विद्यापीठ अमेरिकेचं, आणि तेही साधंसुधं नाही. गुलामगिरी संपल्यावर, काल-परवापर्यंत ज्यांना अक्षर शिकणं हाच गुन्हा होता, अशा काळ्या लोकांनी एका चर्चच्या तळघरात सुरू केलेलं. तिथून वाढत वाढत ते दुबईला ब्रँच काढण्यापर्यंत पोचलं. आणि पोचलं कधी? तर २००८ साली! पंगतीत ताट मांडून बसावं आणि वाढपीच पसार व्हावेत, तशी आमची गत झाली.

मी मुळात आधी काळजी करते आणि कारण मग शोधते. त्या वर्षी मात्र कारण शोधावं लागलं नाही. माझा नवरा अविनाश एका कन्स्ट्रक्शन कंपनीत होता. मंदीच्या पहिल्याच लाटेत त्याची नोकरी गेली आणि पाठोपाठ त्याचं बोलणंही गेलं. 'हो', 'नको' आणि 'बघू', एवढ्यावर तो दिवस काढायचा. आमची एकुलती एक लेक सई याच ब्रँचमध्ये बी.बी.ए. करत होती, कारण स्टाफच्या मुलांना फीमध्ये सवलत होती. ब्रँच मध्येच बंद पडली तर दुसरीकडे फी भरायची आमची ऐपत नव्हती. सईची डिग्री होईपर्यंत हे कॉलेज टिकू दे, एवढंच मी रोज सकाळी कारपूलच्या खिडकीतून वाळूकडे बघत म्हणायचे.

*

माझ्या इंटरव्ह्यूची गोष्ट. डीनच्या केबिनमध्ये भिंतीवर एक जुना फोटो. पांढऱ्या केसांची एक आजी, शेजारी दोन-तीन बायका, एक दाढीवाला माणूस, चार-पाच पोरं. सगळे ताठ उभे, कोणी हसत नाहीये.

डीन म्हणजे डॉक्टर रूबी होलोवे. साठीच्या, उंच, काळ्याभोर, आणि आवाज असा की माइकची गरज नाही. त्यांच्या आजीपासून घरातले सगळे याच विद्यापीठात शिकलेले. त्या बोलायच्या अर्थातच इंग्रजीत, मी आपलं मराठीत सांगते.

मी टेन्शनमध्ये. काहीतरी गोड बोलावं म्हणून म्हटलं, "नाइस फॅमिली फोटो, मॅडम!"

त्या वळून फोटोकडे बघायला लागल्या. "ही आमची पहिली बॅच आहे."

"मग ही आजी... टीचर का?"

"विद्यार्थिनी. आणि तिच्या पुढ्यातला तो मुलगा तिचा नातू. दोघं एकाच वर्गात. तो तिच्या आधी वाचायला शिकला, म्हणून ती त्याच्यावर वर्षभर रागावलेली होती!"

झालं, नोकरी गेली, मिळायच्या आधीच! मी सॉरी, सॉरी म्हणत पर्स उचलली.

"सॉरी कशाला?" डॉक्टर म्हणाल्या. "फॅमिलीच आहे ती. बस खाली, सिस्टर वसुधा."

त्या दिवसापासून मी सिस्टर वसुधा. आयटीवाला थॉमस ब्रदर थॉमस. घरी सईला सगळं सांगितलं तर तिने लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हटलं, "आई, यू जस्ट गॉट लकी."

*

फाउंडर्स डे हा तिकडचा सर्वांत मोठा दिवस. स्थापना करणाऱ्यांची आठवण म्हणून त्या दिवशी सगळ्या बायका नखशिखान्त पांढऱ्या कपड्यांत येतात. वर्षानुवर्षांची पद्धत. डॉक्टर म्हणाल्या, "पालकांना कळव." मी कळवलं. 'शनिवारी सर्व महिलांनी पांढऱ्या पोशाखात उपस्थित राहावे ही विनंती.' बास. कशासाठी, ते लिहायचं राहूनच गेलं!

आता दिवस कुठले? रोज कोणाची ना कोणाची कंपनी बुडतेय. अशा वेळी कॉलेजातून मेल येतो की पांढरे कपडे घालून या! अर्ध्या तासात फोन सुरू.

"वसुधाताई, कोण गेलं हो?"

"कॉलेजच गेलं असेल तर सरळ सांगा ना, असं साडीवरून कशाला सुचवता?"

देरा बाजारातले देशमुख, मसाल्यांचे होलसेलवाले, यांचा मुलगा आमच्याकडे होता. ते तर फोनच्या भानगडीत न पडता संध्याकाळी थेट हजर झाले. चेहरा पडलेला. माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "डीन बाई बऱ्या होत्या हो. अचानकच ना?"

त्यांच्या मागे डॉक्टर होलोवे उभ्या! देशमुख वळले, त्यांनी डॉक्टरांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि हात जोडून म्हणाले, "मॅडम, आप... ठीक हैं?"

"यापेक्षा बरी कधीच नव्हते, ब्रदर!"

शनिवारी बायका आल्या. पांढरं नेसून आल्या, पण प्रत्येकीचा काठ लाल, नाहीतर हिरवा, नाहीतर जांभळा. निव्वळ पांढऱ्यात कोणी यायला तयार नाही. तेवढ्यात दारातून एक स्थानिक गृहस्थ आत आले. कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र कंदुरा, म्हणजे अरबांचा पायघोळ झगा, डोक्यावर पांढरं. डॉक्टर दोन्ही हात पसरून पुढे गेल्या. "चला, एक तरी माणूस ड्रेस कोड वाचून आला!"

ते गृहस्थ गोंधळले. "मॅडम, मी लायसन्स चेक करायला आलोय."

मी लायसन्सची फाइल शोधायला धावले. पण डॉक्टरांनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, भाषण ऐकवलं, केक खायला लावला. जाताना ते म्हणाले, "लायसन्स नंतर बघू, इन्शाल्ला." मी मनात त्या केकवाल्याचे आभार मानले.

*

आमचे फायनान्सचे एक प्रोफेसर होते, नाव नको. एका रविवारी, म्हणजे दुबईत आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, ते लेक्चरला आलेच नाहीत. फोन बंद, फ्लॅट रिकामा. गाडी मात्र कॉलेजच्या पार्किंगमध्ये. त्या काळात कर्जात बुडालेली माणसं गाडी टाकून रातोरात देश सोडायची, त्यामुळे एवढ्यावरून लोकांना काय ते समजायचं.

गाडीवर वाळूचा थर बसला. पोरांनी काचेवर बोटाने हजेरी लिहायला सुरुवात केली. 'सर, प्रेझेंट!' 'सर, मी पण!' कोणीतरी लिहिलं, 'सर, असाइनमेंट कुठे सबमिट करू?' दुसऱ्याने खाली उत्तर दिलं, 'वायपरखाली.' आणि खरोखरच मुलं असाइनमेंट वायपरखाली खोचायला लागली!

मी घाबरले. बाहेरचं कोणी बघितलं तर काय म्हणेल? थॉमसला म्हटलं, "वो सब निकालो." तो गेला आणि हात हलवत परत आला. "मॅडम, कोई ले गया."

आठवड्याने पेपर मुलांच्या हातात पडले, लाल पेनने तपासलेले. डॉक्टर होलोवे रोज संध्याकाळी वायपरखालून कागद काढून घरी नेत होत्या! सईच्या पेपरवर लिहिलं होतं: 'तुझे सर गैरहजर आहेत. तू नाहीस. पान दोन परत लिही.'

सईने पान दोन परत लिहिलं. माझी लेक आयुष्यात प्रथमच कोणाचं तरी ऐकत होती.

*

होमकमिंग म्हणजे जुन्या विद्यार्थ्यांनी घरी परत यायचं. मिरवणूक, नाच, आणि सगळ्यांत महत्त्वाचा म्हणजे बँड. तिकडे म्हणे लोक फुटबॉल मॅच बघायला जातात ते मध्यंतरातला बँड ऐकायला!

आमच्याकडे जुने विद्यार्थीच नव्हते, बँड कुठला असणार? मी भीत भीत म्हटलं, "आमच्या मराठी मंडळाचं ढोल-ताशा पथक आहे." डॉक्टरांचे डोळे असे चमकले की मला बोलल्याचा पश्चात्तापच झाला.

पथकात बहुतेक सगळे इंजिनिअर. आणि त्यातले बहुतेक सगळे घरी बसलेले, त्यामुळे प्रॅक्टिसला शंभर टक्के हजेरी! बाहेर वाजवायची परवानगी नाही, म्हणून कॉलेजच्या बिल्डिंगचं बेसमेंट पार्किंग. पहिल्याच दिवशी अशी काही दणदणीत सुरुवात झाली की वरच्या मजल्यावरच्या कोणीतरी पोलिसांना फोन केला. खाली शंभरएक बेकार माणसं आरडाओरडा करतायत म्हणून! होते जेमतेम वीस.

पोलीस आले. ऑफिसरने घामाघूम पथकाकडे बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, "पगार मिळाला नाही?"

आमचा एक ढोलवाला म्हणाला, "साहेब, नोकरीच नाही, पगार कुठून मिळणार!"

हे ऐकल्यावर तर ऑफिसर आणखीच गंभीर! मी भिंतीला टेकले. मंडळाची माणसं आत जाणार, कॉलेजचं लायसन्स जाणार, सईची डिग्री जाणार. थॉमसला कामापुरतं अरबी यायचं, तो जीव तोडून समजावत होता. डॉक्टर तेवढ्यात खाली आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "ऑफिसर, हा माझा बँड आहे."

ऑफिसरने डॉक्टरांकडे बघितलं, ढोलांकडे बघितलं. मग खिशातून मोबाइल काढला. "यल्ला. परत वाजवा. मी रेकॉर्ड करतो."

अविनाश डोंबिवलीत ऐन तारुण्यात ताशा वाजवायचा. मी त्याला पथकात ये म्हणून किती विनवलं. "बघू," म्हणाला. त्या दिवशी मला सोडायला आला आणि काचा वर करून गाडीतच बसून राहिला. सगळे ढोलाचं कौतुक करत होते. मला काही ऐकूच आलं नाही.

*

मग तिसऱ्या वर्षी अमेरिकेहून समिती येणार असल्याचं कळलं. ब्रँच चालू ठेवायची की बंद करायची, हे तीच ठरवणार. आणि आमची लायब्ररी बघावी तर अर्धी रिकामी! ज्यांच्या वडिलांच्या नोकऱ्या गेल्या ती मुलं सामान बांधून गेली होती.

मी काय करावं? मंडळाच्या बायकांना बोलावलं. "फक्त पुस्तक उघडून बसायचं, बाकी काही नाही." सई लालबुंद झाली. "आई, धिस इज फ्रॉड!" मी म्हटलं, "गप्प बस, तुझ्यासाठीच चाललंय."

समितीतले सगळ्यांत वयस्कर गृहस्थ फिरत फिरत नेमके कुलकर्णी काकूंसमोर थांबले. रोल्लाला आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू, समोर इकॉनॉमिक्सचं जाडजूड पुस्तक, तेही पन्नासाव्या पानावर.

"मॅडम, तुम्ही इथे कशा?"

काकूंना खोटं बोलता येत नाही हे मला आधीच आठवायला हवं होतं. त्या त्यांच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "माय हजबंड, नो जॉब. होल डे होममध्ये सिटिंग. हिअर एसी इज गुड. अँड नोबडी टेकिंग बिग बिग ब्रेथ."

इथे कोणी उसासे टाकत नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. मी डोळे मिटून घेतले.

खुर्ची ओढल्याचा आवाज आला म्हणून उघडले. ते गृहस्थ काकूंच्या समोर बसले होते. "माझी आई आमच्या लायब्ररीत अशीच येऊन बसायची. गावात हीटर तिथेच होता ना! शेवटी कंटाळून तिने ॲडमिशन घेतली."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता खरी मुलं किती आहेत ते सांगा." मी सांगितलं. दुसरं काय करणार!

निर्णय महिन्याभरात आला. ब्रँच बंद. पण एक अट त्या गृहस्थांनी मंजूर करवून घेतली होती: जी मुलं उन्हाळ्यापर्यंत सगळे विषय पूर्ण करतील, त्यांना पदवी इथेच द्यायची आणि मगच कुलूप लावायचं. सईचे अजून ढीगभर विषय बाकी होते. डॉक्टर म्हणाल्या, "करेल." सई म्हणाली, "आय विल ट्राय." अविनाश म्हणाला, "बघू." माझं जेवण गेलं.

*

पदवीदानाचे गाऊन अमेरिकेहून मागवणं परवडणारं नव्हतं. म्हणून मी रोल्लातल्या एका मास्टरजींना सांगितलं. त्यांचं दुकान अबायांचं, अरब बायकांच्या झग्यांचं. काळं कापड, लांब बाह्या, पायघोळ, म्हटलं यात चुकण्यासारखं आहे काय?

गाऊन आले. उघडून बघते तर बाह्यांवर चंदेरी टिकल्या! गळ्याला वेलबुट्टी, घेराला खडे. मुलींच्या तर होत्याच, मुलांच्याही!

मी तशीच दुकानात. "मास्टरजी, ये क्या किया? प्लेन बोला था!"

मास्टरजी दुखावले. "मॅडम, बच्चों की ख़ुशी का दिन है. इतना सादा कौन पहनाता है?"

उसवायला वेळ नव्हता. तसेच डॉक्टरांसमोर नेऊन ठेवले. त्यांनी एक गाऊन अंगावर धरला, आरशात बघितलं आणि विचारलं, "माझ्या मापाचा शिवेल का तो?"

*

आता शेवटचा. हा मी पॅन्ट्रीत कधी सांगितला नाही, कारण तोपर्यंत पॅन्ट्री उरलीच नव्हती.

पदवीदान संध्याकाळी, कॅफेटेरियात टेबलं बाजूला करून. सईचा शेवटचा पेपर झाला होता, पण अंतिम मंजुरी तिकडून यायची, आणि तिकडे सकाळ व्हायची तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ. ज्यांची मंजुरी बाकी, ती मुलंही गाऊन घालून बसलेली. डॉक्टर कॉरिडॉरमध्ये फोनवर बोलल्या आणि तशाच सरळ स्टेजवर गेल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नाव वाचलं तर पास. नाही वाचलं तर इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात.

तिकडच्या कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ छापलेली होती: 'सर्व नावे वाचून होईपर्यंत कृपया टाळ्या वाजवू नयेत.' मी ती पालकांना बजावून सांगितली होती. मेल केला, दारावर चिकटवली, वर तोंडी दम दिला. स्थानिक अधिकारी येणार, गोंधळ नको.

पहिलं नाव एका नायजेरियन मुलाचं. त्याची आई खास लेगॉसहून आलेली. ती दोन्ही हात वर करून उठली, तोंड उघडलं, तोच मी लांबूनच ओठांवर बोट ठेवलं. कुलकर्णी काकू तिला "शू!" म्हणाल्या. बिचारी खाली बसली. मुलगा स्टेजवरून चालत गेला, फक्त त्याच्या बुटांचा आवाज. दुसरं नाव, तसंच. तिसरं नाव, तसंच. माझ्या शिस्तीचं मलाच कौतुक वाटायला लागलं.

डॉक्टर होलोवेंनी माइक हाताने झाकला आणि मला जवळ बोलावलं. "सिस्टर वसुधा, काय झालंय या लोकांना?"

"डॉक्टर, तुमच्याच कागदावर आहे. टाळ्या वाजवू नयेत."

"अगं, ती ओळ शंभर वर्षं छापतोय आम्ही. आजवर एकाही आईने पाळलेली नाही! नाव मोठ्याने वाचलं की घरच्यांनी ओरडायचं असतं. नाहीतर लोकांना कळणार कसं, हे लेकरू कोणाचं आहे ते?"

मला ते ऐकू येत होतं आणि येतही नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "डॉक्टर, सईचं?"

"जागेवर जा," त्या म्हणाल्या.

मी जागेवर गेले. डॉक्टरांनी माइकवरचा हात काढला, आणि तो आवाज कॅफेटेरियाभर घुमला.

"सई अविनाश बापट!"

ओरडायचं मला होतं. मला सांगितलं होतं. पण माझ्या घशातून हूं की चूं निघेना. सई टिकल्यांच्या गाऊनमध्ये उठून उभी राहिली. कोणी हललं नाही. सगळे माझ्या मेलप्रमाणे वागत होते.

आणि मागच्या रांगेत खुर्ची पडली. अविनाश उभा होता. दोन्ही हात वर, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, अख्ख्या हॉलमध्ये चार माणसांनाच कळणाऱ्या मराठीत तो ओरडला, "माझी आहे! ती माझी आहे! माझी मुलगी आहे ती!"

पहिल्या रांगेतल्या अधिकाऱ्यांनी वळून बघितलं. सई स्टेजच्या पायरीवर थांबली. अविनाश थांबेचना. "माझी आहे!"

डॉक्टर होलोवेंनी तिला जवळ घेतलं, पदवी दिली. मग हातातला कागद परत वर उचलला, लेगॉसच्या त्या आईकडे बघितलं, आणि पहिल्या नावापासून पुन्हा सुरुवात केली.